घरचे मुळ्याचे बियाणे दरवर्षी का बिघडते?

घरी राखलेल्या मुळ्याच्या बियाण्याबद्दलची तक्रार बहुतेक वेळा एकाच क्रमाने सांगितली जाते. पहिल्या वर्षी मुळे चांगले निघाले, दुसऱ्या वर्षी बारीक झाले, तिसऱ्या वर्षी त्यांना फाटे फुटले आणि चौथ्या वर्षी तर वीतभर वाढण्याआधीच ते फुलावर आले. त्यावर मिळणारी उत्तरेही ठरलेली असतात: बी नीट वाळले नसेल, डब्याला ओल लागली असेल, जमीन कडक झाली असेल, शेणखत कमी पडले असेल. जमीन व खत यांचा परिणाम त्या हंगामापुरता होतो आणि डब्यातल्या ओलीने उगवण कमी होते. परंतु वाण बिघडतो तो यांपैकी कशानेही नाही. पांढऱ्या लांब मुळ्याचे बी डब्यात पडून आखूड, तिखट मुळ्याचे होत नाही. ते तसे होते शेंग धरण्याच्या आधी. एकदा बियाण्यासाठी मुळे निवडताना आणि दुसऱ्यांदा फूल उमलल्यावर. म्हणून दोष शोधायचा तो तिथे.

घेवडा, चवळी किंवा टोमॅटो यांचे बी ज्यांनी वर्षानुवर्षे यशस्वीपणे राखले आहे, त्यांचीच मुळ्याच्या बाबतीत अधिक फसगत होते. घेवड्याच्या फुलात परागीभवन बहुधा उमलण्याच्या सुमारासच आतल्या आत उरकते, त्यामुळे एकाच वेलाचे बी घेतले तरी पुढच्या वर्षी तोच घेवडा मिळतो. मुळ्याचे फूल याच्या नेमके उलट वागते. ते स्वतःच्या झाडाचे परागकण सहसा स्वीकारत नाही. मधमाशीने दुसऱ्या झाडावरून आणलेल्या परागकणांनीच त्याची शेंग भरते. म्हणजे घेवड्याचे बी राखणे हे एका वेलाकडूनही होते, पण मुळ्याचे बी राखायला पूर्ण वाफा लागतो आणि त्यात शेजारच्या शिवाराचाही वाटा असतो, आपण तो मागितलेला असो वा नसो.

मुळे एकसारखे निघत नाहीत

आमचे शेत कोरेगाव तालुक्यात ओढ्याच्या काठी आहे. माझ्या सासूबाई पांढऱ्या लांब मुळ्याचे बी राखत असत आणि त्यांच्यानंतर ते काम माझ्याकडे आले. एका वर्षी त्या बियाण्यातून निघालेल्या मुळ्यांपैकी बरेचसे जांभळट होते. काहींच्या माथ्यावरच रंग होता, तर काही शेंड्यापर्यंत रंगलेले होते. बांधावर मोहरी होती, म्हणून सगळ्यांनी मोहरीला दोष दिला. मीही तो खरा मानला आणि पुढच्या हंगामात बांधावरची मोहरी उपटून टाकली. तरीही नव्या बियाण्यातून जांभळे मुळे निघालेच. मोहरीचा यात काहीही संबंध नव्हता. ओढ्यापलीकडच्या शेतात लाल मुळ्याच्या दोन सऱ्या डिंगऱ्यांच्या, म्हणजे मुळ्याच्या कोवळ्या शेंगांच्या, भाजीसाठी राखलेल्या असत आणि त्या आमच्या वाफ्याबरोबरच फुलत. लाल व पांढऱ्या मुळ्याचा संकर झाला की त्यातून जांभळा रंग येतो, ही गोष्ट मला तेव्हा ठाऊक नव्हती.

रंग दिसला म्हणून आमच्याकडचा दोष लवकर कळला. पांढऱ्या मुळ्याचा दुसऱ्या पांढऱ्या मुळ्याशी संकर झाला, तर डोळ्यांना काही दिसत नाही; लांबी, तिखटपणा, पक्व होण्याचा काळ हे सगळे हळूहळू विस्कटत जाते आणि तीन-चार वर्षांनी आपण म्हणतो, बी जुने झाले.

कोणाचा कोणाशी संकर होतो, हे दिसण्यावरून ओळखता येत नाही. कोबी, फुलकोबी, ब्रोकोली आणि नवलकोल एकमेकांपासून कितीही वेगळे दिसत असले, तरी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते एकाच जातीचे आहेत, आणि एकत्र फुलले तर त्यांचा सर्रास संकर होतो. शलगम, पाकचोई व चिनी कोबी यांची जात दुसरी. मोहरी तिसरी, आपल्या नेहमीच्या मोहरीत शलगमाच्या आणि काळ्या मोहरीच्या अशा दोन्ही घराण्यांची गुणसूत्रे आहेत, हे नागाहारू यू या शास्त्रज्ञाने १९३५ साली मांडले. मुळा मात्र या सगळ्यांपासून वेगळ्या प्रजातीचा आहे. त्यामुळे मुळ्याच्या शेजारी मोहरी, कोबी किंवा नवलकोल फुलले तरी बियाण्याला धोका नाही. धोका आहे तो दुसऱ्या कोणत्याही मुळ्याचा: लाल, गोल, जपानी, आणि केवळ लांब शेंगांसाठी लावला जाणारा डिंगरीचा मुळासुद्धा. या शेवटच्याकडे लक्ष जात नाही, कारण त्याला आपण मुळा समजतच नाही. त्याची मुळी खाण्याजोगी भरत नाही, आणि आपल्या वाफ्यात त्याचे परागकण आले की पुढच्या पिढीतील मुळे बारीक राहतात.

प्रमाणित बियाण्यासाठी मुळ्याच्या दोन वाणांत १००० मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी १६०० मीटर अंतर राखण्याचा नियम आहे. दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याला हे अंतर एकट्याने राखणे शक्य नसते. त्यावर माझ्या अनुभवात दोन उपाय उपयोगी पडले. पहिला म्हणजे शेजाऱ्यांशी आधी बोलणे. मी डिसेंबरच्या सुरुवातीला ओढ्यापलीकडे जाऊन विनंती केली की डिंगऱ्या ठेवायच्याच असतील तर माझ्याच बियाण्याच्या ठेवाव्यात, आणि पुढच्या पेरणीसाठी बी मीच आणून दिले. त्यांच्या डिंगऱ्या गेल्या नाहीत आणि माझे बी वाचले. दुसरा उपाय म्हणजे एका वर्षी एकाच वाणाचे बी धरणे. मुळ्याचे बी कोरडे राहिले तर चार वर्षे सहज टिकते, त्यामुळे लाल व पांढरा असे दोन वाण जपायचे असतील, तर एका वर्षी एकाला आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याला फुलू द्यावे. दोघांचे बी त्याच वर्षी धरण्याची काहीच गरज नसते.

चांगला मुळा बाजारात जातो, उरलेला बियाण्याला राहतो

संकरापेक्षाही जास्त बियाणे मी या एका सवयीने बिघडलेले पाहिले आहे. वाफ्यातले सरळ, टपोरे, वेळेवर भरलेले मुळे जुड्या बांधून बाजारात जातात किंवा घरात खाल्ले जातात. उरतात ते वाकडे, किडके, फाटे फुटलेले, नाहीतर ज्यांना घाईने फुलांचा दांडा आला म्हणून कोणी उपटले नाहीत असे. त्यांनाच पुढे शेंगा धरतात आणि तेच बी आपण मडक्यात भरतो. असे तीन-चार वर्षे केले की आपण मुळ्यातून जणू लवकर फुलणारा वाणच निवडून काढलेला असतो. वाण त्याच्या मर्जीने बिघडलेला नसतो. आपणच त्याला त्या दिशेने नेलेले असते.

यावर उपाय एकच आहे, आणि तो करताना मनाला थोडे जड जाते: सर्वांत उत्तम मुळे खायचे नाहीत, विकायचे नाहीत. सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला पेरलेला मुळा नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत काढणीला येतो. बियाण्यासाठी राखलेला पूर्ण वाफा त्या दिवशी उपटावा आणि सगळे मुळे धुऊन गोणपाटावर शेजारी शेजारी मांडावेत. जमिनीत उभा असताना मुळ्याची फक्त पाने दिसतात, आणि पानांवरून केलेली निवड कित्येकदा चुकते. मी तीनशे मुळ्यांतून साधारण पन्नास बाजूला काढते. सरळ, गुळगुळीत, वाणाच्या रंगाचे, आखूड पानांचे आणि ज्यांना अजून दांड्याचा मागमूस नाही असेच घेते. मग प्रत्येकाचा खालचा पाव भाग सुरीने कापून काप उन्हाकडे धरून पाहते. चांगल्या मुळ्याचा काप काचेसारखा घट्ट व रसरशीत दिसतो. ज्याच्या मध्यभागी कापसासारखा भुसभुशीत, कोरडा ठिपका असतो, तो बाहेरून कितीही देखणा असला तरी स्वयंपाकघरात जातो, कारण आतून पोकळ होण्याचा दोष पुढच्या पिढीत उतरू शकतो. कापलेला तुकडा चावून पाहिला की तिखटपणाही कळतो. नंतर पाने चार बोटे ठेवून छाटते, कापलेल्या टोकाला राख लावते आणि त्याच दिवशी मुळे दीड-दोन फुटांवर पुन्हा पुरते. माथा जमिनीच्या पातळीला असावा. वर राहिला तर सुकतो आणि खोल गेला तर कुजतो.

मुळे न उपटता जागेवरच बी धरण्याची पद्धत कमी कष्टाची आहे. परंतु मूळ बियाणे शुद्ध असल्याची खात्री असेल तेव्हाच ती वापरावी, कारण तिच्यात जमिनीखालचे काहीच तपासले जात नाही. ज्याचे बियाणे आधीच बिघडलेले आहे, त्याने ती मुळीच करू नये.

निवडलेल्या मुळ्यांची संख्या कमी ठेवू नये. पाच-सहा झाडांचे बी दिसायला पुष्कळ होते, पण इतक्या थोड्या झाडांत परागकणांची देवाणघेवाण होत राहिली की काही पिढ्यांत वाढीचा जोमच खचतो. पंचवीस-तीस झाडे ही मी किमान मर्यादा मानते; पन्नासच्या वर राखता आली तर फार चांगले.

पाकिटावर काय लिहिले आहे, ते आधी वाचा

मूळ बियाणे संकरित असेल, म्हणजे पाकिटावर संकरित किंवा एफ-१ असे छापलेले असेल, तर वरचे सगळे कष्ट वाया जातात. संकरित झाडाच्या बियांतून दोन्ही आईबापांचे गुण वेगवेगळ्या प्रमाणात विखुरले जातात आणि एका वाफ्यात दहा तऱ्हा दिसतात. बी राखायचे तर पुसा चेतकी, पुसा देशी यांसारख्या सरळ वाणापासून सुरुवात करावी. शेतकऱ्याला आपल्या शेतातले बी राखण्याचा, पेरण्याचा व देवाणघेवाण करण्याचा हक्क २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने दिलेला आहे. तेव्हा संकरित वाणाचे बी धरू नका असे मी म्हणते, ते कायद्याच्या भीतीने नव्हे, तर हाती काही लागत नाही म्हणून.

फुले भरपूर येतात, पण शेंगा धरत नाहीत

येथे प्रथम एक फूल तोडून हातात घ्यावे. मुळ्याच्या फुलाला समोरासमोर चार पाकळ्या आणि सहा पुंकेसर असतात. चार लांब, दोन आखूड. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास उमललेल्या फुलातील पुंकेसरांवर बोट फिरवले, तर बोटाला पिवळी भुकटी लागली पाहिजे. भुकटी लागत नसेल आणि पुंकेसर खुरटलेले, फिक्या रंगाचे दिसत असतील, तर ते झाड नर-वंध्य आहे. १९६८ साली जपानमधील ओगुरा यांनी मुळ्यात अशी नर-वंध्यता नोंदवली आणि तिचा उपयोग आज मुळा व कोबी या दोन्ही पिकांची संकरित बियाणी तयार करण्यासाठी केला जातो. अशा झाडांचाच वाफा असेल, तर कितीही मधमाश्या आल्या तरी शेंगा रिकाम्याच राहतील. त्यावर उपाय नाही, बियाणे बदलावे.

भुकटी लागत असेल, तर झाडांची संख्या मोजावी. गच्चीवरच्या कुंडीत एकच मुळा फुलू दिला आणि शेंगा धरल्या नाहीत, ही तक्रार शहरातून वारंवार ऐकू येते. तिचे कारण वर आलेच आहे, त्या झाडाला दुसऱ्या झाडाचे परागकण मिळालेले नसतात. कुंड्यांत निदान आठ-दहा झाडे असावीत, आणि मधमाश्या येत नसतील तर मऊ कुंचल्याने रोज सकाळी एका झाडावरून दुसऱ्या झाडावर परागकण न्यावेत. एकच अमूल्य झाड उरले असेल, तर उमलायला दोन दिवस असलेली कळी चिमट्याने हलकेच उघडून तिच्या कुक्षीवर त्याच झाडाच्या उमललेल्या फुलाचे परागकण लावावेत. कळीच्या अवस्थेत फुलाचा तो नकार अजून पक्का झालेला नसतो, त्यामुळे थोडे बी मिळते. हा अडचणीतला उपाय आहे, दरवर्षीचा नव्हे.

शेतात झाडे पुरेशी असूनही शेंगा कमी असतील, तर फवारणीची वेळ आठवावी. सातेरी आणि फुलोरी माश्या सकाळी ऊन तापल्यावर फुलांवर येतात. त्याच वेळी शेजारच्या वांग्यावर किंवा हरभऱ्यावर कीटकनाशक मारले गेले, तर आठवडाभर वाफा सुनासुना राहतो. फवारणी टाळता येतच नसेल, तर ती सूर्य मावळताना करावी. उशिरा लावलेल्या मुळ्याचे कारण मात्र बहुधा उष्णता असते. फुलोरा फेब्रुवारीच्या शेवटी व मार्चमध्ये गेला, की दुपारच्या तापाने फुले गळतात. त्याला पाणी देऊन फार फरक पडत नाही, पुढच्या वर्षी पेरणी लवकर करणे हाच मार्ग आहे.

शेंगा फुगतात, आत दाणा पोचट असतो

जवळजवळ नेहमीच हे मावा किडीमुळे होते. जानेवारीत दोन दिवस ढगाळ हवा राहिली, की दांड्याच्या शेंड्यांवर हिरवट-राखाडी मावा थापल्यासारखा बसतो आणि कोवळ्या शेंगांतला रस शोषून घेतो. पहिल्यांदा एखाद-दुसऱ्या झाडाच्याच शेंड्यावर तो दिसतो. तेव्हाच ते शेंडे खुडून साबणाच्या पाण्यात बुडवावेत. त्याच दांड्यावर ढालकिडे किंवा त्यांच्या काळ्या, नारिंगी ठिपक्यांच्या अळ्या फिरताना दिसल्या, तर दोन-तीन दिवस थांबून पाहावे, कारण त्या मावाच खातात. मावा तरीही वाढला तर पाच टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारावा.

मावा नसेल तर पाण्याकडे पाहावे. मुळा फुलावर आला म्हणजे संपला, असे समजून पाणी तोडले जाते, परंतु दाणा भरण्याचे काम तर तेव्हाच सुरू होते. शेंगा पिवळ्या पडू लागेपर्यंत पाळी चुकवू नये. दांडे छातीपर्यंत वाढतात आणि शेंगांच्या भाराने लोळतात, म्हणून दोन्ही बाजूंना बांबू रोवून सुतळीचे दोन पदर बांधावेत. लोळलेल्या दांड्याच्या शेंगा ओलीने काळ्या पडतात.

कोबीला फूलच येत नाही

कोबीच्या झाडाला फुलांचा दांडा येण्यासाठी आधी पुरेशी वाढ आणि मग साधारण ४ ते १० अंश सेल्सियस तापमानाचे सलग काही आठवडे लागतात. महाराष्ट्रातील मैदानी भागात अशी थंडी पडत नाही, म्हणून गड्डा फुटतो, सडतो, पण फुलत नाही. देशातले कोबीचे बियाणे हिमाचल प्रदेशातील कुलू खोऱ्यासारख्या थंड प्रदेशात तयार होते, ते यामुळेच. येथे कोबीच्या बियाण्यासाठी जागा अडवू नये. तीच जागा मुळा, मोहरी आणि अळीव यांना द्यावी; तिघेही याच कुळातले आहेत आणि तिघेही आपल्या हिवाळ्यात बिनतक्रार बी देतात.

काढणी, आणि उगवण न होण्याची कारणे

मोहरीची शेंग वाळली की तडकते, म्हणून ती पहाटे दवात कापतात. मुळ्याची शेंग तडकत नाही. ती बुचासारखी जाड असते आणि दाणे आत घट्ट धरून ठेवते. त्यामुळे शेंगा पूर्ण पेंढ्याच्या रंगाच्या होईपर्यंत थांबण्यात नुकसान नाही, आणि हिरवट असताना घाई केली तर मात्र उगवण मार खाते. दांडे कापून आठवडाभर ताडपत्रीवर वाळवावेत आणि ऐन दुपारी, शेंगा कुरकुरीत असताना, गोणपाटात घालून लाकडी दांडक्याने बडवावेत. सकाळी बडवल्यास शेंगा दबतात, फुटत नाहीत, मग जोर वाढतो आणि दाणे भंगतात. बडवलेले बी सुपाने पाखडून हलके, सुरकुतलेले दाणे काढून टाकावेत.

पानाच्या कडेपासून आत शिरणारे त्रिकोणी पिवळे डाग दिसले असतील, तर तो घाण्या रोग आहे आणि तो बियांतून पसरतो. त्या झाडांचे बी घेऊच नये. बाकीच्या बियाण्याला पेरणीच्या वेळी ५० अंश सेल्सियसच्या पाण्यात १५ मिनिटे ठेवून लगेच थंड पाण्यात काढावे. तापमापक नसेल तर हा उपचार करू नये. दोन-चार अंश जास्त झाले तरी बी मरते.

बी पुरते वाळले की नाही, हे चमच्याच्या पाठीने पाहता येते. फरशीवर दाणा ठेवून दाबल्यावर तो चपटा झाला तर ओल आहे. कट्‌कन फुटून त्याचा भुगा झाला तर डब्यात भरावा. सासूबाई मडक्यात राखेचा थर देऊन वर कडुलिंबाचा वाळका पाला घालत. कोरेगावच्या कोरड्या हवेत ते पुरते, पण कोकणात पावसाळ्यातील दमट हवेला मडके दाद देत नाही. तिथे घट्ट झाकणाची काचेची बरणी घ्यावी आणि तळाशी कढईत भाजून थंड केलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवावी. बरणी जून ते सप्टेंबर उघडू नये. ती फ्रिजमध्ये ठेवली असेल, तर बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नये, नाहीतर थंड दाण्यांवर हवेतले पाणी जमते. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळावेत. पाच दिवसांत सत्तरपेक्षा कमी मोडले, तर बी दाट पेरावे, आणि निम्म्याहून कमी मोडले तर ते बियाणे म्हणून धरू नये.

नवे बी हाती आले म्हणून जुने सगळे संपवू नये. नव्या बियाण्याचे मुळे उपटून, कापून, चाखून पाहिल्याशिवाय ते कसे आहे हे कळत नाही, आणि तोवर पुढचा हंगाम उभा राहिलेला असतो. मी दर वेळी एक तृतीयांश बी वर्ष लिहून निराळ्या बरणीत ठेवते. जांभळ्या मुळ्यांनंतर आमचा पांढरा वाण परत उभा राहिला, तो सासूबाईंनी माळ्यावर ठेवलेल्या अशाच एका जुन्या मडक्यातून. शंभर दाण्यांपैकी एकेचाळीस मोडले होते. वर सांगितलेल्या नियमाने ते बी टाकून द्यायला हवे होते. परंतु दुसरे नव्हतेच, म्हणून मी ते एकेचाळीस मोड फडक्यावरून एकेक उचलून वाफ्यात लावले.